मंदीत ट्रान्सपोर्टवाला माल नसल्यानं बुडत नाही, उधारीनं बुडतो

वाडीनाका

राम राम मंडळी. आमचं नागपूरजवळ वाडीला ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे, वडिलांनी सुरू केलेलं, चार गाड्या स्वतःच्या अन् बाकी माल बाजारातल्या गाड्या लावून पाठवतो. सध्या ऑफिसात, टपरीवर, घरी जेवताना सुद्धा एकच विषय चालू आहे की मंदी आली. टीव्हीवर म्हणतात जीडीपी वाढून राहिला अन् इकडे अमरावती रोडवर दुपारी बघाल तर गाड्यांची लाइन, ड्रायव्हर लोकं गाडीखाली चटई टाकून झोपले आहेत अन् ब्रोकरचा फोन वाजत नाही.

पण मला जे सांगायचं आहे ते थोडं वेगळं आहे. सगळे म्हणतात मंदीत माल कमी होते म्हणून आपला धंदा बसते. माल कमी होते हे खरं, पण मी जे बंद पडलेले ट्रान्सपोर्टवाले जवळून पाहिले ते माल संपला म्हणून बंद नाही पडले, त्यांच्या हातात काम होतं, बुकिंग होतं, फक्त पैसा नव्हता. पैसा पार्टीकडे, म्हणजे माल पाठवणाऱ्या कंपनीकडे अडकून होता.

ढोबळ हिशोब सांगतो, आकडे समजायला सोपे म्हणून घेतले आहेत. समजा एका लहान ट्रान्सपोर्टरचं महिन्याचं भाडं २० लाख आहे आणि त्याला त्यात ५ टक्के सुटतात म्हणजे १ लाख. पार्टी ३० दिवसांनी पैसे देते, म्हणजे कायम २० लाख बाजारात अडकलेले, तेवढं भांडवल त्यानं कसंबसं उभं केलं आहे. आता मंदी आली. माल घसरला आणि भाडं २० चं १४ लाखावर आलं. कोणालाही वाटेल की चला, काम कमी तर पैसाही कमी लागेल. पण होते उलटं, कारण पार्टी पण अडचणीत आहे, तिचाही माल विकला जात नाही, ती ३० चे ९० दिवस करून टाकते. आता १४ लाख गुणिले ३ महिने म्हणजे ४२ लाख अडकले! काम तीस टक्क्यानं कमी झालं आणि अडकलेला पैसा दुपटीच्या वर गेला. हे वरचे २२ लाख कुठून आणणार, बाहेरून दीड टक्क्यानं उचलले तर महिन्याला ३३ हजार व्याज. कमाई १४ लाखावर ५ टक्क्यानं ७० हजार, त्यातून ३३ गेले. आणि मंदीत ५ टक्के कोण देते, रेट तुटून ३ टक्क्यावर आले तर कमाई ४२ हजार, व्याज जाऊन राहिले ९ हजार. त्यात ऑफिसचं भाडं, मुनीमजीचा पगार, लाइट बिल सगळं आलं.

आणि हा पैसा आपण थांबवूही शकत नाही, कारण डिझेल रोख लागते, फास्टॅगमधून टोल तिथल्या तिथे कटतो, ड्रायव्हरला खुराकी रोख द्यावी लागते, बाजारातल्या गाडीवाल्याला लोडिंग झालं की ८०-९० टक्के अॅडव्हान्स द्यावाच लागते नाहीतर तो गाडी हलवत नाही. म्हणजे आपला सगळा खर्च आजचा आणि सगळी वसुली तीन महिन्यानंतरची. खरं बघितलं तर मंदीत मोठ्या कंपनीला बिनव्याजी कर्ज कोण देते तर आपला वाडी-कापसीचा ट्रान्सपोर्टवाला देते, बँक देत नाही.

म्हणून माझं म्हणणं आहे की मंदीत 'माल कुठून आणू' याच्या आधी 'कोणाचा माल उचलू नये' हे ठरवलं पाहिजे. पण घरातच कोणाला पटत नाही, वडील म्हणतात जुनी पार्टी आहे, तोडायची नसते. तुमच्यापैकी या लाइनमधले, गोदामवाले, हिशोबवाले कोणी असतील तर सांगा तुमच्याकडे काय चालू आहे.

झिरोमाईल

शंभर टक्के खरं आहे भाऊ. माझ्या मामाचं असंच झालं, पेमेंट येणं होतं पण हप्ता भरायला पैसे नव्हते, फायनान्सवाल्यानं गाडी उचलून नेली आणि त्यानंतर दोन आठवड्यांनी पार्टीचा चेक आला.

एक मला समजत नाही पण, देशात मंदी आहे कुठे? आकडे तर सगळे वाढीचेच येऊन राहिले. मग गाड्या काहून उभ्या आहेत?

मास्तर_धरमपेठ

झिरोमाईल यांचा प्रश्न चांगला आहे. मी अर्थशास्त्र शिकवतो, ट्रान्सपोर्टमधला नाही, तेव्हा धंद्यातलं काही चुकीचं वाटलं तर जरूर टोका.

पुस्तकी मंदी म्हणजे लागोपाठ दोन तिमाही अर्थव्यवस्था आकसणं. आपल्याकडे अशी मंदी अलीकडे एकदाच आली, २०२० मध्ये. एप्रिल-जून तिमाहीत जीडीपी जवळपास २४ टक्क्यांनी घसरला आणि पुढची तिमाहीही उणेच होती. पण मालवाहतुकीची मंदी स्वतःच्या तालावर येते, ती देशाच्या मंदीची वाट बघत नाही. जीडीपीत बँका, आयटी, हॉस्पिटल, सरकारी पगार सगळं मोजलं जातं, त्यातलं काहीच ट्रकवर चढत नाही. ट्रकवर चढतं सिमेंट, सळई, कोळसा, धान्य, फ्रिज, मोटारसायकली. ही उत्पादनं थबकली की गाडी उभी, मग सेवाक्षेत्र कितीही जोरात असो.

सगळ्यात चांगलं उदाहरण २०१९ चं आहे. देश त्या आर्थिक वर्षातही चार टक्क्यांच्या आसपास वाढतच होता. पण ट्रक-टेम्पो वगैरे व्यावसायिक वाहनांची विक्री २०१८-१९ मध्ये १० लाखांच्या वर होती ती २०१९-२० मध्ये ७ लाख १७ हजारांवर आली, आणि यातला जेमतेम शेवटचा आठवडा लॉकडाऊनचा होता, बाकी सगळी घसरण आधीची. का? दोन गोष्टी एकावर एक आल्या. सप्टेंबर २०१८ ला आयएल अँड एफएस ही मोठी फायनान्स कंपनी बुडाली आणि गाड्यांना कर्ज देणाऱ्या फायनान्स कंपन्यांचाच पैसा आटला. आणि त्याच्या दोन महिने आधी, जुलै २०१८ मध्ये, सरकारनं एक्सल लोडची, म्हणजे गाडीच्या एकेका आसावर किती वजन चालेल याची मर्यादा वाढवली. दहा चाकी गाडीचं एकूण वजन २५ टनांवरून साडेअठ्ठावीस टन झालं. कागदावर साडेतीन टन वाढले, पण गाडीचं स्वतःचं वजन वजा केलं तर भरायच्या मालात ही वाढ वीस टक्क्यांच्या घरात जाते. म्हणजे एकही नवी गाडी रस्त्यावर न येता देशातली माल वाहायची ताकद वाढली आणि वाहायला माल तेवढाच. भाडं पडणार नाही तर काय होणार.

अमेरिकेत २०२२ नंतर हेच झालं. करोनाच्या काळात भाडी आभाळाला टेकली म्हणून लोकांनी धडाधड गाड्या घेतल्या, मग मागणी ओसरली. २०२३ मध्ये यलो नावाची जवळपास शंभर वर्षं जुनी ट्रकिंग कंपनी बंद पडली, ३० हजारांच्या आसपास लोकांच्या नोकऱ्या गेल्या, आणि त्या वर्षी अमेरिकेचा जीडीपी वाढतच होता. त्या कंपनीवर कर्जाचं ओझं होतं, युनियनशी वाद होता, हे खरं, पण पडत्या भाड्यात तिला सावरायला जागाच उरली नाही.

झिरोमाईल

धन्यवाद सर, आता डोक्यात शिरलं. मग समृद्धी महामार्गानं पण तेच केलं का? गाडी लवकर पोचते म्हणजे तीच गाडी महिन्यात जास्त फेऱ्या मारते, म्हणजे न वाढता गाड्या वाढल्यासारखंच झालं.

मास्तर_धरमपेठ

तर्क बरोबर आहे. डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी सुरू झाला आणि जून २०२५ ला इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा, आता ७०१ किलोमीटर सलग. गाडीचा वेळ वाचला की क्षमता वाढते, हे एरवी चांगलंच आहे. मागणी वाढत असेल तर सगळ्यांचा फायदा. मागणी थांबलेली असेल तर मात्र तो फायदा भाडं घसरून माल पाठवणाऱ्याच्या खिशात जातो, गाडीवाल्याकडे राहत नाही.

कापसी_ट्रेलर

वाडीनाका भाऊ तुमचा हिशोब वाचला, चांगला लिहिला, पण एक बाजू राहून गेली ती मी सांगतो कारण मी त्या बाजूला आहे. माझ्या दोन गाड्या आहेत, ट्रान्सपोर्ट ऑफिस नाही, तुमच्यासारख्यांकडून भाडं घेतो. तुम्ही म्हणता पार्टी तुम्हाला ९० दिवस करते. बरोबर. मग तुम्ही काय करता? आधी लोडिंगला ९० टक्के अॅडव्हान्स मिळत होता तो आता ७० झाला, बाकी पीओडी (माल पोचल्याची सही केलेली पावती) आल्यावर म्हणता, पीओडी दिली की म्हणता अकाउंटवाला गावाला गेला, मग त्यातून माल शॉर्ट आहे, पावती ओली झाली, उशीर झाला असं करून कापता. म्हणजे तुमच्यावरचा भार तुम्ही आमच्यावर ढकलता आणि आमच्या खाली ढकलायला फक्त ड्रायव्हर आहे. तुमच्यावर राग नाही भाऊ, पण हे लिहायला पाहिजे होतं.

आता लोकं विचारतात की भाडं परवडत नाही तर गाडी चालवता कशाला, उभी ठेवा. उभी कशी ठेवणार? गाडी उभी राहिली तरी हप्ता चालू आहे, इन्शुरन्स चालू आहे, टॅक्स, फिटनेस चालू आहे, ड्रायव्हर सोडून गेला तर परत मिळत नाही. नागपूर-मुंबई साधारण ८०० किलोमीटर धरा, भरलेली गाडी लिटरला चारच्या आसपास देते म्हणजे २०० लिटर डिझेल, १८-१९ हजार नुसते डिझेलचे, वर टोल आणि ड्रायव्हरचा खर्च. एवढं सुटून वर पाच हजार जरी राहिले तरी आपण हो म्हणतो, कारण ते पाच हजार हप्त्यात पडतात. त्या पाच हजारात टायर घासला, इंजिनचं काम जवळ आलं, गाडी जुनी झाली, हे काहीच बसत नाही पण ते आज दिसत नाही ना, हप्त्याची तारीख दिसते. अन् मी नाही म्हटलं तर मागचा हो म्हणते. असं करत करत सगळ्यांनी मिळून रेट पाडला.

सगळ्यात वाईट म्हणजे रिटर्न. नागपुरातून गाडी भरून गेली तरी तिकडून परत यायला लोड नाही. आधी एक-दोन दिवसात मिळायचा, आता भिवंडीला आठवडा आठवडा पडून राहतात गाड्या. मग माणूस रिकामी गाडी आणायच्या ऐवजी डिझेलपुरत्या भाड्यात भरून येते. कागदावर गाडी दोन्हीकडून भरून धावली, खिशात एकाच बाजूचं भाडं.

वाडीनाका

कापसी भाऊ, तुमचं म्हणणं खरं आहे आणि ते इथे आलं हे बरं झालं. साखळीत ज्याच्या खाली कोणी नाही त्याच्यावर सगळा भार येते. म्हणूनच मी म्हणतो उधारी वरून तोडली पाहिजे, कारण वर ९० चे ४५ झाले तरच तुमच्यापर्यंत पैसा वेळेत येईल, मधल्यामध्ये आपण एकमेकांचे कॉलर धरून काही होत नाही.

अंबाझरीवाला

मग डिझेल स्वस्त होते ना मंदीत? जगात मंदी आली की कच्चं तेल पडतेच.

कापसी_ट्रेलर

तेल पडते दादा, पंपावर पडत नाही. २०२० आठवा. एप्रिलमध्ये अमेरिकेत कच्च्या तेलाचा भाव शून्याच्या खाली गेला होता, पेपरात फोटो होते. आपल्याकडे सरकारनं मार्चमध्ये डिझेलवर ३ रुपये आणि मे मध्ये १३ रुपये एक्साइज वाढवली, आणि जूनमध्ये दिल्लीत डिझेल पेट्रोलच्या वर गेलं. माल नव्हता, ड्रायव्हर गावाला निघून गेले होते आणि डिझेल चढत होतं. हप्त्याला मोरेटोरियम दिलं, म्हणजे हप्ता पुढे ढकलायची सवलत, ऑगस्टपर्यंत, पण व्याज काही थांबलं नव्हतं, ते पुढे हप्त्यात जोडून आलं.

गोंडखैरी

गोदामाच्या बाजूनं थोडं लिहितो. मी एका थ्रीपीएल कंपनीत (दुसऱ्या कंपन्यांचा माल साठवून पोचवणारी) आहे, नाव घेत नाही, अमरावती रोडवरच्या शेडमध्ये काम बघतो.

लोकांना वाटते मंदी आली की गोदामं लगेच रिकामी होतात. असं होत नाही, सुरुवातीला उलट भरतात. कारखान्यानं तीन महिने आधी प्लॅन केलेलं उत्पादन चालूच असते, दुकानदार माल उचलायचा थांबतो, मग तो माल कुठे बसणार तर आमच्याकडे. त्या काळात आमचे साहेब खूश असतात, ऑक्युपन्सी फुल, एक्स्ट्रा जागा द्या म्हणून फोन. आम्ही खालची मंडळी मात्र ओळखतो कारण इनवर्ड गाड्या येऊन राहिल्या आणि आउटवर्ड डॉक मोकळा आहे. रॅकवरचा माल हलत नाही, एकाच बॅचचे खोके महिना महिना तिथंच, वर धूळ. मला विचाराल तर मंदीची पहिली खूण तीच आहे, पेपरात यायच्या कितीतरी आधी दिसते. त्यानंतर कंपनी घाबरून उत्पादन एकदम कापते, स्टॉक काढून टाकते, आणि मग गोदाम झपाट्यानं रिकामं होते. दुकानात विक्री दहा टक्के पडली असेल तर आमच्याकडे येणाऱ्या गाड्या तीस टक्क्यानं पडतात, कारण मधला प्रत्येक जण स्टॉक कमी करून राहिला असतो. आणि बाजार सुधारला की याच कारणानं एकदम गाड्या मिळत नाहीत, सगळे एकदमच स्टॉक भरायला धावतात.

दुसरं म्हणजे भाड्याचे करार. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि राज्याराज्यात वेगळं गोदाम ठेवायची गरज संपली, तेव्हा नागपूर मध्यभागी म्हणून कंपन्या इकडे वळल्या, गोंडखैरी, वाडी, कापसी, बुटीबोरी सगळीकडे शेड उभे राहिले. शेतं विकून, कर्ज काढून लोकांनी शेड बांधले आहेत. मोठ्या पार्टीचा लॉक-इन (ठरलेल्या काळात जागा सोडता येत नाही) असते तोवर बरं, पण मंदीत लॉक-इन संपला की पार्टी म्हणते रेट कमी करा नाहीतर अर्धीच जागा ठेवतो. शेड घरी नेता येत नाही आणि दुसऱ्या कामाला लावता येत नाही, मालकाला मान डोलवावी लागते.

औषधं आणि किराण्याच्या रोजच्या मालाचं गोदाम मात्र हलत नाही, हे मी स्वतः बघितलं. लोकं टीव्ही पुढे ढकलतात, साबण आणि बीपीची गोळी नाही ढकलत. ज्या शेडमध्ये हा माल आहे तिथल्या पोरांची नोकरी टिकली.

संत्रानगरी

आमच्याकडे काटोल-नरखेडच्या संत्र्याच्या गाड्यांना मंदी वेगळ्याच दिशेनं आली. बांगलादेश आपलं मोठं गिऱ्हाईक, त्यांनी आयात शुल्क वाढवत नेलं आणि तिकडे जाणारा माल घटला. जी गाडी बॉर्डरपर्यंत लांबचं भाडं करायची ती आता जवळच्या बाजारात जाते, आणि लांबच्या भाड्यावर हप्ता निघायचा. सांगायचा मुद्दा, आंबिया बहाराचे चार महिने आमच्या भागातले गाडीवाले वर्षाचा हप्ता काढायचे, ते गणित मोडलं. याला देशाची मंदी म्हणणार नाही कोणी, पण गाडीवाल्याला काय फरक पडते.

कळमन्याची_पोर

सगळ्यांचं वाचलं. सगळे गाडीचं, गोदामाचं, पार्टीचं बोलताय, गाडीत माल चढवतो कोण त्याच्याबद्दल कोणी नाही लिहिलं म्हणून लिहिते.

माझे बाबा कळमन्याच्या बाजार समितीत हमाल आहेत. त्यांचा पगार नाही, पोत्यामागे मजुरी आहे. गाडीवाल्याकडे निदान गाडी आहे, विकली तर चार पैसे येतात. हमालाकडे त्याची पाठ आहे. धानाच्या, मिरचीच्या सीझनमध्ये बाबा पहाटे निघतात ते रात्री येतात, आणि माल कमी असला की तेवढेच तास यार्डात बसून राहतात कारण गाडी कधी येईल सांगता येत नाही, आली आणि आपण नसलो तर गेली. म्हणजे मंदीत त्यांचे तास कमी होत नाहीत, पोती कमी होतात. संध्याकाळी आलेली मजुरी टोळीत वाटून घेतात, टोळीतला एखादा म्हातारा झाला, त्याच्यानं पोतं उचलत नाही, तरी त्याचा वाटा काढतात, हे मी लहानपणापासून बघते. माल कमी असला की वाटा लहान होतो पण त्याचा वाटा बंद नाही करत.

महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा आहे, नोंदणी असेल तर मजुरी मंडळात जमा होते, वर मालकाकडून घेतलेल्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, बोनस, दवाखाना मिळते. हा कायदा मंदीतच खरा कामाला येतो. पण मंदी आली की पहिल्यांदा हेच होते, खर्च वाचवायचा म्हणून नोंदणी नसलेल्या पोरांना ठेक्यावर आणतात. गोंडखैरी दादा, तुमच्या शेडमधल्या पोरांपैकी किती जण कंपनीच्या कागदावर आहेत ते एकदा बघा, राग मानू नका.

गोंडखैरी

राग नाही ताई. बरीचशी ठेकेदाराची आहेत, आणि रिकामं झालं की त्यांनाच आधी सांगतात की उद्यापासून येऊ नका. पीएफ कटतो का हे मी यावेळी स्वतः विचारतो, ठेकेदाराचं बिल माझ्या सहीनं पास होते.

मास्तर_धरमपेठ

कापसी ट्रेलर यांनी लिहिलं की सगळ्यांनी मिळून रेट पाडला, त्यावर एक तुलना द्यायची आहे. २००८ मध्ये जहाजांचं काय झालं बघा. कोळसा-खनिज वाहणाऱ्या जहाजांच्या भाड्याचा बाल्टिक ड्राय इंडेक्स मे २००८ ला ११,७९३ वर होता, सप्टेंबरला अमेरिकेची लेहमन बँक बुडाली, आणि डिसेंबरला तोच इंडेक्स ६६३. सहा-सात महिन्यांत चौऱ्याण्णव टक्के घसरण. तिथेही जहाजमालक असंख्य, प्रत्येक जण मिळेल त्या भाड्यावर हो म्हणणारा.

आता २०२० बघा. कंटेनर जहाजांचा धंदा तोवर मोजक्या कंपन्यांच्या तीन गटांत एकवटला होता. मागणी पडताच त्यांनी ठरलेल्या फेऱ्याच रद्द केल्या, जहाजं उभी केली, आणि भाडं पडू दिलं नाही. पुढे २०२१ मध्ये तर भाडी चाळीस फुटी कंटेनरमागे दहा हजार डॉलरच्या वर गेली. म्हणजे मंदी सारखीच, पण गाडी उभी ठेवायची ताकद ज्याच्यात आहे त्याचा रेट टिकला. भारतात बहुतेक ट्रक एक-दोन-पाच गाड्यांच्या मालकांकडे आहेत. एकट्यानं गाडी उभी केली तर फक्त त्याचंच नुकसान. हा स्वभावाचा दोष नाही, बाजाराची घडणच तशी आहे.

ताळेबंद

मी सीए आहे, माझ्याकडे चार-सहा ट्रान्सपोर्टर क्लायंट आहेत. मूळ धाग्यातल्या हिशोबाशी सहमत, त्यात इतकंच जोडते की नफा-तोटा पत्रक बघून हे कळत नाही, तिथे नफाच दिसतो. येणं बाकीची यादी वयानुसार लावा, ३० दिवस, ६० दिवस, ९० च्या वर, आणि ती दर सोमवारी बघा.

आता कायद्यात काय आहे ते सांगते, कारण बऱ्याच जणांना माहीतच नाही. तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल आणि तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उद्योगात बसत असाल तर पार्टीनं लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे आहेत, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. २०२५ च्या एप्रिलपासून उलाढाल १० कोटींपर्यंत सूक्ष्म आणि १०० कोटींपर्यंत लघु धरतात, गुंतवणुकीची मर्यादा वेगळी आहे, पण वाडीतलं जवळपास प्रत्येक ऑफिस यात बसेल. ट्रान्सपोर्ट ही सेवा आहे, त्यामुळे तुम्हाला हे लागू आहे.

त्याहून कामाचं म्हणजे आयकरातला नियम, आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून ४३बी एच म्हणून आलेला. पार्टीनं तुमचं बिल या मुदतीत दिलं नाही तर तो खर्च तिला त्या वर्षी वजा करता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये पार्टीचा अकाउंटंट स्वतः फोन करून तुमचा उद्यम नंबर मागतो. तो मागायची वाट बघू नका, प्रत्येक बिलावर छापा.

तिसरा मार्ग ट्रेड्स नावाचा ऑनलाइन प्लॅटफॉर्म. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना या प्लॅटफॉर्मवर नोंदणी सक्तीची केली आहे. कंपनीनं तुमचं बिल तिथे मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात, व्याज कापून पैसे एक-दोन दिवसांत मिळतात, आणि व्याज पार्टीची पत बघून लागतं, तुमची नाही. बाहेरच्या दीड टक्क्यापेक्षा ते बरंच स्वस्त पडतं. पुढे पार्टीनं बँकेला पैसे दिले नाहीत तर बँक तुमच्या मागे येत नाही.

वाडीनाका

ताई, मनापासून धन्यवाद. हे सगळं खरं, पण तक्रार केली तर पार्टी माल देणं बंद करेल ना? मंदीत एक पार्टी गेली तर दुसरी कुठून आणू? वडिलांचा मुद्दा हाच आहे आणि त्यांना काय उत्तर देऊ मला समजत नाही.

ताळेबंद

भीती खरी आहे, खोटं कशाला सांगू. उशिरा पैशाची तक्रार सरकारी पोर्टलवर टाकली की संबंध बिघडतातच. म्हणून तक्रार शेवटी. आधी व्यवहाराची पायरी. तुमच्याच आकड्यांवर बोलू. ९० दिवसांची पार्टी महिन्याला ५ लाखाचं भाडं देते समजा, म्हणजे १५ लाख तिच्याकडे अडकलेले. ३ टक्क्यानं तिच्याकडून सुटतात १५ हजार, आणि ते १५ लाख उसने असतील तर दीड टक्क्यानं व्याज साडेबावीस हजार. ती पार्टी गेली तर तुमचे महिन्याला साडेसात हजार वाचतील. वडिलांना हा एकच हिशोब कागदावर मांडून दाखवा, पार्टीचं नाव वर लिहून. जुनी असली म्हणून तोडू नका, तिला सांगा की रेट हाच ठेवतो पण ४५ दिवस करा, किंवा डिझेलपुरता ४० टक्के अॅडव्हान्स द्या. बऱ्याच पार्ट्या ऐकतात, कारण मंदीत त्यांनाही वेळेवर गाडी लावणारा माणूस हवाच असतो.

कापसी_ट्रेलर

आणि ताई ४५ दिवसात आले की गाडीवाल्याची बाकी पीओडीच्या दिवशी, एवढं पण लिहा त्या कागदावर.

वाडीनाका

लिहितो भाऊ. आमच्याकडून तरी हे नक्की, पीओडी व्हॉट्सअॅपवर आली की दोन दिवसात बाकी क्लिअर, मूळ कागद मागाहून आला तरी चालेल. वडिलांशी आज रात्री बसतो.

झिरोमाईल

उद्यमसाठी कुठे जावं लागते? आमच्याकडे एक जण तीन हजार मागून राहिला.

ताळेबंद

कोणाला एक रुपया देऊ नका. ऑनलाइन आहे, पूर्ण फुकट आहे, आधार, पॅन आणि जीएसटी असेल तर तो नंबर, बस. अडलं तर सिव्हिल लाइन्सला उद्योग भवनात जिल्हा उद्योग केंद्र आहे, तिथे मदत करतात. आणि झालं की तारीख बघून ठेवा, रजिस्ट्रेशनच्या आधीच्या बिलांवर हा हक्क सांगायला गेलं तर वाद होतो, म्हणून या आठवड्यातच करा.

कळमन्याची_पोर

ताई, टोळीला करता येते का हे? बाबांच्या टोळीचे पण एका व्यापाऱ्याकडे दोन महिन्यांचे पैसे बाकी आहेत.

ताळेबंद

टोळीसाठी हा मार्ग नाही, हमाल हे कामगार आहेत आणि त्यांची मजुरी माथाडी मंडळाच्या कक्षेत येते. टोळी नोंदलेली असेल तर मुकादमाच्या नावानं मंडळाकडे लेखी अर्ज द्या, तारीखवार पोती आणि दर लिहून, व्यापाऱ्याच्या पावत्या असतील तर त्यांच्या झेरॉक्स जोडून. पावत्या नसतील तर बाजार समितीच्या गेटवर गाड्यांची नोंद असते, ती मागा. अर्ज लिहायला मी मदत करते, मेसेज करा.

कळमन्याची_पोर

करते. पावत्या बाबांनी सगळ्या ठेवल्या आहेत, पिशवीत.